नौपाड्यातला कॉफीचा कप आणि आपला तालुका : पैसा जातो कुठं?

ठाणे : नौपाड्यात लोक कॉफी प्यायला कुठं जातात, याच्याशी मुरबाड-शहापूरच्या माणसाला काय देणंघेणं, असं कोणी विचारेल. पण जिल्हा एकच आहे. कलेक्टर कचेरी, जिल्हा परिषद, जिल्हा कोर्ट सगळं ठाण्यात. सातही तालुक्यांतल्या माणसाला महिन्या-दोन महिन्यांनी तिकडं चक्कर मारावीच लागते. साहेब मीटिंगला गेलेत, तीन वाजता या, असं सांगितलं की मधला वेळ कुठंतरी बसून काढावा लागतो. आता ते बसायचं कुठं, हा साधा प्रश्न राहिलेला नाही. एका बाजूला मोठ्या कंपन्यांची काचेच्या दाराची कॅफे, म्हणजे ज्याला आपण चेन म्हणतो ती. दुसऱ्या बाजूला मालक स्वतः गल्ल्यावर बसतो ते गल्लीतलं दुकान.

शिवाय त्या कपात आपलं बरंच काही असतं. ठाणे शहराचं पाणी येतं ते मुख्यतः भातसा आणि उल्हास या नद्यांवरून. भातसा धरण शहापूर तालुक्यात, आणि त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर एप्रिल-मेमध्ये टँकर फिरतो, हे आपल्या वाचकांना नव्यानं सांगायला नको. दूध ग्रामीण भागातलं. टेबल पुसणारी, कप उचलणारी, मशीन चालवणारी पोरं बऱ्याचदा आपल्याच गावांतली. म्हणून गल्लीतलं दुकान की चेन, हा फक्त शहरातल्या हौशी लोकांचा विषय नाही. त्यात आपलं काय वाढतं आणि काय बुडतं, ते एकदा हिशेबानं बघू.

नौपाडा चालतो कसा

स्टेशनच्या पश्चिमेला बाहेर पडलं की गोखले रोड, राम मारुती रोड, घंटाळी, विष्णुनगर, गावदेवी हा सगळा पट्टा. जुनी मराठी वस्ती, शाळा-क्लासेस, सोन्याची आणि साड्यांची दुकानं, दवाखाने. खाण्यापिण्यात इथल्या माणसानं जाहिरात बघून कधी काही खाल्लेलं नाही. विष्णुनगरचा गजानन वडापाव त्याच्या पिवळ्या बेसनाच्या चटणीवर चालतो. स्टेशनजवळच्या कुंजविहारचा वडा त्याच्या आकारावर चालला. मामलेदार मिसळीचं तर नावच तहसील कचेरीवरून पडलं. कचेरीत कामाला आलेल्या खेड्यातल्या माणसानं ती खाल्ली, कारकुनानं खाल्ली, आणि नाव जिल्हाभर झालं. आज त्या मिसळीच्या ठाण्याबाहेरही शाखा आहेत. म्हणजे एका दुकानाची दहा दुकानं होणं हे काही पाप नव्हे, ते आधीच सांगून ठेवतो.

कॉफीचं म्हणाल तर आपल्याकडं ती उडुपी हॉटेलांनी आणली. स्टीलचा पेला, खाली वाटी, वर फेस. इडली खाल्ली की वरून कॉफी, नाही तर मग चहा. ‘कॉफी प्यायला जाणे’ हा प्रकारच नव्हता. तो सुरू झाला १९९६ नंतर. त्या वर्षी बंगळुरूच्या ब्रिगेड रोडवर कॅफे कॉफी डेचं पहिलं दुकान उघडलं. ऑक्टोबर २०१२ मध्ये मुंबईत हॉर्निमन सर्कलला टाटांच्या भागीदारीत स्टारबक्स आलं. त्यांनी जानेवारी २०२४ मध्ये जाहीर केलं, की २०२८ पर्यंत देशात १००० दुकानं करणार. मधल्या काळात ब्लू टोकाई, थर्ड वेव्ह अशा देशी चेन उभ्या राहिल्या. ठाण्यात आधी मॉलमध्ये आणि मग रस्त्यावर ही दुकानं आली.

त्याच वेळी नौपाड्यासारख्या वस्त्यांत तिसरा एक प्रकार दिसायला लागला. शिकलेला तरुण, घरचे थोडे पैसे, बँकेचं थोडं कर्ज, एक मशीन, सहा टेबलं. ना उडुपी, ना चेन. चिकमगळूरच्या एखाद्या मळ्यातून भाजलेली कॉफी मागवतो, स्वतः कप भरतो, संध्याकाळी स्वतःच झाडू मारतो. आपण ज्याला गल्लीतलं कॉफीचं दुकान म्हणतोय त्यात उडुपी पण येतं आणि हा पोरगा पण येतो. दोघांत एकच गोष्ट सारखी आहे. मालक समोर असतो.

एका कपाचा हिशेब

चेनमध्ये साध्या कॅपुचिनोचा मधला कप आज अडीचशेच्या आसपास जातो. धरून चालू २५० रुपये. त्यात दूध साधारण २०० मिली. गायीच्या दुधाला शेतकऱ्याला तीस ते पस्तीस रुपये लिटर मिळतात असं धरलं, तर त्या कपात शेतकऱ्याच्या वाट्याला आले सहा ते सात रुपये. हॉटेलच्या बिलावर जीएसटी ५ टक्के, म्हणजे साडेबारा रुपये. म्हणजे गाय पाळणाऱ्याच्या जवळपास दुप्पट पैसे त्याच कपावर सरकारला जातात.

कॉफीची पूड लागते साधारण १८ ग्रॅम. भाजलेली चांगली कॉफी किलोला हजार-बाराशे रुपये धरली तर ती झाली अठरा ते बावीस रुपयांची. पुन्हा ती भाजलेली, दळलेली किंमत. झाडावरून फळ तोडणाऱ्याला त्यातलं किती मिळतं ते वेगळंच. कॉफी पिकते मुख्यतः कर्नाटकात, देशातली जवळपास सत्तर टक्के. आपल्या महाराष्ट्रात ती होते चिखलदऱ्याला, तीही नावापुरती. फेब्रुवारी २०२५ मध्ये ब्राझीलच्या दुष्काळामुळं जगाच्या बाजारात अरेबिका कॉफीनं पौंडाला चार डॉलरचा टप्पा ओलांडला, तो तोपर्यंतचा उच्चांक होता. तेव्हा सगळ्याच दुकानांना झळ बसली.

तर दूध आणि कॉफी मिळून झाले तीसेक रुपये. टॅक्स साडेबारा. राहिले दोनशेच्या वर. हे सगळे कंपनीचा नफा असतात असं कोणी समजू नये. जागेचं भाडं, एसी, लाइटबिल, पगार, मशीन, कागदी कप, जाहिरात, आणि ब्रँडचं नाव वापरण्याची रक्कम, यात ते जातात. यातले पगार आणि लाइटबिल तेवढे गावात राहतात. बाकी बराच पैसा ठाण्याबाहेर जातो.

आता उडुपीतला पेला घ्या. चाळीस रुपये, दूध शंभर मिलीच्या आसपास. शेतकऱ्याचे तीन-साडेतीन रुपये. आकडा लहान दिसतो, पण गिऱ्हाइकानं दिलेल्या शंभर रुपयांतले आठ-नऊ शेतकऱ्याकडं जातात. चेनच्या कपात शंभरातले तीनसुद्धा जात नाहीत.

इथं एक गोष्ट सरळ सांगायला पाहिजे. गल्लीतल्या दुकानात जाऊन कॉफी प्यायलो म्हणजे शेतकऱ्याला दुधाचा भाव वाढवून मिळाला, असं होत नाही. तो दुकानदारही पिशवीचं दूध घेतो. ते दूध कोल्हापूरहून येतं, नगर भागातून येतं, गुजरातहून येतं. भाव ठरतो डेअरीत, फॅट आणि एसएनएफच्या आकड्यावर. २०२४ साली दुधाचे भाव पडले तेव्हा राज्य सरकारला लिटरमागं आधी पाच आणि मग सात रुपये अनुदान द्यावं लागलं, ते कुठल्या कॅफेमुळं नव्हे. तेव्हा ‘स्थानिक दुकानात जा, शेतकरी वाचेल’ असं जे मोबाईलवर फिरतं ते अर्धवट आहे. खरा फरक दुसरीकडं आहे.

निर्णय कोण घेतो

फरक आहे तो निर्णय कुठं होतो याचा. चेनच्या दुकानात जो पोरगा ऑर्डर घेतो त्याला काहीच ठरवता येत नाही. दूध कुणाचं, बिस्कीट कुठलं, साखर किती, भिंतीला रंग कुठला, सगळं वरून ठरून येतं. स्टारबक्सची भारतातली कॉफी टाटांच्या कर्नाटकातल्या मळ्यांतून येते आणि कुशालनगरला भाजली जाते. सँडविच मोठ्या किचनमध्ये तयार होऊन गाडीनं येतं. चव सगळीकडं सारखी हवी तर असंच करावं लागतं, त्यात त्यांचं काही चुकत नाही. पण मग मुरबाडचा शेतकरी त्या दुकानाच्या दारात आल्याचा पाटी घेऊन उभा राहिला, तर त्याच्याशी बोलायला तिथं कोणी नाही. मॅनेजर चांगला असेल, गावाकडचाच असेल, तरी तो म्हणणार, मला अधिकार नाही हो.

गल्लीतल्या दुकानात मालक समोर असतो. तो नाही म्हणेल, पण नाही म्हणायला तरी तो तिथं आहे. आणि कधी कधी तो हो म्हणतो. आपल्याकडच्या किती तरी बाया पहाटेच्या लोकलनं आसनगाव, वाशिंद, खडवलीहून ठाण्याला उतरतात. पावसाळ्यात करटुली, शेवळं, भारंगी, टाकळा घेऊन गावदेवीच्या बाजूला, स्टेशनच्या रस्त्याला बसतात. त्यांचं खात्याचं गिऱ्हाईक कोण? घरच्या बाया आणि छोटे हॉटेलवाले. आलं, लिंबं, गवती चहा, पुदिना, मिरची, कोथिंबीर हा माल छोटा हॉटेलवाला रोज रोख घेतो. त्याला ना जीएसटीचं बिल लागतं, ना साठ दिवसांची उधारी. बाई आठवडाभर दिसली नाही तर तो विचारतो, बरं नव्हतं का? चेनला माल द्यायचा तर आधी व्हेंडर म्हणून नोंदणी, अन्न परवाना, बिलबुक, मग पैसे महिना-दोन महिन्यांनी. एकट्या शेतकऱ्याला हे झेपत नाही.

दुधाचंच बघा. समजा कोणी वीस लिटर दूध थेट नौपाड्यातल्या दोन दुकानांना देतो. डेअरीला तेहतीस मिळतात, इथं पन्नास मिळाले तर लिटरमागं सतरा रुपये जास्त. दिवसाचे ३४०, महिन्याचे दहा हजारांच्या आसपास. त्यातून लोकलचा पास, डबे, बर्फ, एका माणसाची रोजची सकाळ वजा करा. दूध नासलं तर तो दिवस अंगावर. तरी हाताशी काहीतरी उरतं. दुकानदाराला पिशवीच्या दुधापेक्षा पाच-दहा रुपये कमी पडतात आणि साय चांगली येते. हा सौदा दोन माणसांत ठरू शकतो. त्याला ना टेंडर लागतं, ना मुंबईतलं ऑफिस. मात्र दूध रोज आलं पाहिजे, वेळेत आलं पाहिजे आणि त्यात पाणी नको. आपल्याकडचे असे सौदे मोडतात ते बहुतेक वेळा याच तीन कारणांनी, हे पण आपण मान्य करू.

भाड्यानं मारलेली दुकानं

मग गल्लीतली दुकानं बंद का पडतात? लोकांना वाटतं चेनची कॉफी चांगली म्हणून. नौपाड्यात खरं कारण जागा आहे. इथल्या जुन्या दोन-तीन मजली इमारती पाडून टॉवर उभे राहताहेत. तळमजल्यावरचा हॉटेलवाला बऱ्याचदा पागडीचा भाडेकरू असतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ नं त्याला संरक्षण आहे, भाडं एकदम वाढवता येत नाही. पण इमारत पाडली की दोन-तीन वर्षं त्याला दुसरीकडं बसावं लागतं. हॉटेलचं गिऱ्हाईक सवयीवर असतं. दोन-तीन वर्षांत सवय मोडते. नवीन जागा मिळते तेव्हा मेंटेनन्स वाढलेला, मुलगा आयटीत, आणि मालक साठीच्या पुढं गेलेला. तो जागा भाड्यानं देऊन मोकळा होतो. कोणाला? जो जास्त देईल त्याला.

याच कायद्यात आणखी एक कलम आहे, ते फार लोकांना माहीत नसतं. बँका, बहुराष्ट्रीय कंपन्या आणि एक कोटी किंवा त्याहून जास्त भरणा भांडवल असलेल्या कंपन्या यांना भाडे नियंत्रणाचं संरक्षण मिळत नाही. हेतू चांगला होता, मोठ्यांनी जुन्या कवडीमोल भाड्यात बसू नये असा. पण परिणाम असा झाला, की जागामालकाला मोठी कंपनी जास्त सोयीची वाटते. ती बाजारभाव देते, करार रजिस्टर करते, ठरलेल्या दिवशी भाडं वाढवते आणि मुदत संपली की जागा सोडते. छोट्या माणसाला जागा दिली तर तो सोडणारच नाही, ही भीती मालकाच्या मनात अजून आहे. त्यामुळं सहा टेबलांच्या पोराला अकरा महिन्यांचा करार मिळतो. अकरा महिन्यांच्या भरवशावर मशीनचं कर्ज कोण फेडणार?

चेन मोडते तेव्हा

कंपनी मोठी म्हणजे पक्की, असा एक समज आहे. कॉफी डेकडं बघा. २०१९ साली त्यांची देशभरात सतराशेहून जास्त दुकानं होती. जुलै २०१९ मध्ये मालक व्ही. जी. सिद्धार्थ यांचा मृत्यू झाला, कर्जाचा डोंगर उघड झाला, पाठोपाठ कोरोना आला. तीनेक वर्षांत दुकानं पाचशेच्या आत आली. यातली काही दुकानं आपापल्या जागी बरी चालत असतील. पण कर्ज वरचं होतं, निर्णयही वरचा होता. खालच्या गिऱ्हाइकाला, कामाच्या पोराला, दूध टाकणाऱ्याला कोणी विचारलं नाही. छोटं दुकानही बुडतं, नेहमीच बुडतं. पण एक बुडालं म्हणून शेजारचं बुडत नाही. एकाच गिऱ्हाइकावर सगळा माल देणाऱ्या शेतकऱ्याला याचा अर्थ चांगला कळेल.

याच धंद्यात तिसरी वाटही झाली आहे. इंडियन कॉफी हाऊसची पहिली शाखा १९३६ मध्ये मुंबईत चर्चगेटला निघाली. पुढं पन्नासच्या दशकात कॉफी बोर्डानं ही दुकानं बंद करायला घेतली आणि कामगार रस्त्यावर आले. कम्युनिस्ट नेते ए. के. गोपालन यांच्या पुढाकारानं त्या कामगारांनी सहकारी संस्था काढल्या, पहिली १९५७ साली बंगळुरूला. त्यांची कॉफी हाऊस आजही अनेक शहरांत चालू आहेत, आणि मालक कामगारच आहेत. सहकाराचा मोठा इतिहास असलेल्या आपल्या राज्यात दुधाचे संघ झाले, साखर कारखाने झाले, पण शहरात जाऊन स्वतःचं दूध स्वतःच्या कपात विकणारी दुकानं फार थोडी झाली.

चेनचं जे बरोबर आहे ते

एकतर्फी लिहून उपयोग नाही. चेनमध्ये काही गोष्टी चांगल्या आहेत आणि गल्लीतल्या दुकानांनी त्या शिकल्या पाहिजेत.

पहिली गोष्ट स्वच्छतागृह. कचेरीच्या कामाला सकाळी सहाला घर सोडून आलेल्या बाईला कॉफीपेक्षा त्याची गरज जास्त असते. चेनमध्ये ते असतं आणि बहुतेक वेळा स्वच्छ असतं. आपल्या छोट्या हॉटेलात विचारलं तर मालक बोट दाखवतो स्टेशनकडं.

दुसरी गोष्ट बसणं. क्लासला आलेल्या दोन मुली चेनमध्ये एका कपावर दोन तास बसल्या तरी कोणी टक लावून बघत नाही, कोणी ‘अजून काय आणू’ म्हणून मागं लागत नाही. उडुपीत दुपारी एक वाजता तसं बसता येत नाही, आणि मालकाचंही खरं आहे, टेबल अडलं की त्याचा धंदा अडतो. पण उलटही आहे. आपल्याकडचा धोतर-टोपीतला म्हातारा किंवा पाटी घेतलेली बाई ते काचेचं दार ढकलायला कचरते. दारावर तसं काही लिहिलेलं नसतं, पण आत दर काय असेल, कसं मागायचं, हेच कळत नाही. उडुपीला दारच नसतं. दर भिंतीवर लिहिलेले असतात, तेही मराठीत.

तिसरी आणि मोठी गोष्ट पगार. दहा किंवा जास्त कामगार असले की ईएसआय, वीस झाले की पीएफ, असा कायदा आहे. चेनची सगळी दुकानं मिळून एकच कंपनी, म्हणून सहा पोरांच्या दुकानातही पीएफ कापला जातो, पगार बँकेत येतो, सुट्टी कागदावर असते. गल्लीतल्या दुकानात सात माणसं, म्हणजे दोन्ही कायद्यांच्या बाहेर. जेवण मिळतं, कधी राहायला माळा मिळतो, अडीनडीला मालक उचल देतो. पण बारा-बारा तास उभं राहायचं आणि हातात रोख. दहा वर्षं काम करूनही बँकेत दाखवायला कागद नाही, मग घरकुलाला किंवा गाडीला कर्ज मिळत नाही. आपल्या गावातल्या बारावी झालेल्या पोराला विचारलं, कुठं लागशील, तर तो चेनच सांगेल. त्यात त्याचं काही चुकत नाही. मालक ओळखीचा आहे, काका म्हणून हाक मारता येते, एवढ्यानं पोट भरत नाही.

म्हणून ‘स्थानिक’ म्हटलं की सगळं चांगलं, हे खरं नाही. मालक समोर आहे याचा फायदा गिऱ्हाइकानं आणि माल देणाऱ्यानं घ्यायचा असतो, तसा तो कामगारालाही मिळाला पाहिजे. सात माणसांच्या दुकानातही पगार बँकेत टाकायला कायद्याची अडचण नाही.

हा प्रश्न आता आपल्या दारात

नौपाड्यात जे झालं ते आपल्याकडं येतंय, फक्त रस्त्यानं. ५ जून २०२५ ला समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा सुरू झाला. आमणे भिवंडी तालुक्यात, आणि रस्ता जातो शहापूर तालुक्यातून. जुन्या मुंबई-नाशिक हायवेवर शहापूर, खर्डी, कसारा या पट्ट्यात कोणीही आपल्या जमिनीत हॉटेल टाकायचा. गाडी थांबली, चहा घेतला, भुईमुगाच्या शेंगा घेतल्या, काकडी घेतली. समृद्धीवर तसं होत नाही. तो बंदिस्त रस्ता आहे, मधूनच आत-बाहेर जाता येत नाही. खाणंपिणं फक्त रस्ते विकास महामंडळानं ठरवलेल्या सुविधा केंद्रात.

म्हणजे ज्याची जमीन रस्त्यात गेली, त्याला त्याच रस्त्यावर चहाची टपरीसुद्धा टाकता येणार नाही. सुविधा केंद्रं मोठ्या कंत्राटदाराला गेली की तो जागा कोणाला देणार? जो नौपाड्यातल्या घरमालकाला आवडतो त्यालाच, जास्त भाडं आणि पक्का करार देणाऱ्या चेनला. मग मुंबईहून नागपूरला निघालेला माणूस शहापूरच्या मातीवर उभा राहून कर्नाटकची कॉफी, गुजरातचं दूध आणि दिल्लीचं बिस्कीट घेईल. शहापूरचं फक्त पाणी.

मुरबाडच्या बाजूला अजून वेळ आहे. माळशेज घाटाच्या वाटेवरची हॉटेलं आजही आपल्याच लोकांची आहेत. पावसाळ्यात शनिवार-रविवार तिथं उभं राहायला जागा नसते. त्यातला एखादा मालक उद्या जागा भाड्यानं देऊन घरी बसायचा विचार करत असेल, तर त्याला दोष देता येत नाही. पण ती जागा एकदा गेली की आजूबाजूच्या दहा घरांची काकडी, कणसं, दूध, कोंबडी विकायची जागा पण गेली, हे गावानं लक्षात घ्यावं.

मग करायचं काय

गिऱ्हाईक म्हणून आपल्या हातात थोडं आहे, पण आहे. ठाण्याला गेलात तर जिथं मालक गल्ल्यावर आहे तिथं बसा, आणि बसल्यावर त्याला विचारा, दूध कुठून घेता, गवती चहा लागतो का, बदलापूरची जांभळं सिझनला पाठवली तर सरबत कराल का. दहातले आठ नाही म्हणतील. दोन हो म्हणाले तरी एका घराचं काम होतं. स्वच्छतागृह नसेल तर तेही तोंडावर सांगा. समोर मालक असल्याचा तोच तर उपयोग आहे.

माल देणाऱ्यानं एकेकट्यानं जाऊ नये. चार-पाच घरं किंवा एखादा बचत गट एकत्र आला तर रोजचं दूध, आठवड्याचं आलं-लिंबू वेळेत पोचवता येतं. एकाची म्हैस आटली तर दुसऱ्याची असते. अन्न परवाना एकाच नावावर काढता येतो. दुकानदारालाही रोज नवा माणूस नको असतो.

छोट्या दुकानदारांनी नुसतं ‘आम्ही स्थानिक’ म्हणून सहानुभूती मागू नये. दर लिहावेत, संडास स्वच्छ ठेवावा, पोरांचा पगार खात्यात टाकावा. एवढं केलं तर चेनकडं जायला लोकांना उरतो फक्त एसी.

आणि शेवटचं काम ग्रामपंचायतींचं. समृद्धीला जमीन दिलेल्या शहापूर-भिवंडीतल्या गावांनी ग्रामसभेत ठराव करून सुविधा केंद्रांत स्थानिक बचत गटांसाठी आणि जमीन गेलेल्या कुटुंबांसाठी गाळे राखून ठेवण्याची मागणी रस्ते विकास महामंडळाकडं लेखी करावी. गाळे एकदा करारानं दुसऱ्याला गेले की पुढं बरीच वर्षं काही करता येत नाही. नौपाड्यातल्या दुकानदाराला निदान जुन्या भाडेकरूचा हक्क होता. महामार्गावर आपल्याला तोही नाही. जे मागायचं ते करार व्हायच्या आधी मागावं लागेल.